दगडाबाईची वानगी

नवरात्रातली आठवी माळ होती. दुकानातल्या काट्याची साखळी तुटली, म्हणून सोसायटीच्या जुन्या गोदामातला काटा आणायला मी एकटाच निघालो. कळंबपासून गोदाम तीन कोस. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुलूप गंजलेलं होतं, दोन दणके दिल्यावर उघडलं. दार ढकललं आणि आतून तो वास आला. कुबट, जड, जिभेवर येऊन बसणारा.

आत काय होतं ते सांगतो. पण आधी वानगीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही.

मी महांतप्पा. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दूतली, निजामाच्या वेळची. बाकीचं सगळं आडतीवर बसून शिकलो. आमच्या धंद्यात माल पोत्यात असतो आणि सौदा वानगीवर होतो, म्हणजे मूठभर नमुन्यावर. लोखंडी परखी पोत्यात खुपसायची, येईल ते धान्य तळहातावर घ्यायचं. हुशार आडत्या परखी वरच्या अंगाला खुपसतो, जिथं निवडक दाणा भरलेला असतो. मी तळाला खुपसायचो. एकदा लातूरच्या एका खरीददाराला मी आपल्याच तुरीतले खडे काढून दाखवले. त्यानं पुढची दहा वर्षं माझा माल पोतं न उघडता नेला. 'अप्पाची वानगी म्हणजे पोत्याचा तळ' असं पंचक्रोशीत म्हणायचे. खरं सांगू? लबाडी परवडत नाही हे मला लवकर कळलं होतं, एवढंच. त्यालाच लोक सचोटी म्हणत आणि मीही म्हणू देत होतो.

एकोणऐंशी साली मी सोसायटीचा संचालक होतो. पिकावर कीड येणार म्हणून माझ्या हट्टानं ट्रकभर किडीची पावडर आली. त्या साली पाऊसच फिरकला नाही. पीकच नाही तर कीड कुठली? पावडर गोदामात पडून राहिली. पत्रे गळत होते. राखणदार श्रीपतीनं तीनदा सांगितलं, "अप्पा, वळवाच्या आत पत्रे बघा." मी तीनदा 'बघतो' म्हटलं. पुढच्या पावसात पोती कुजली, पावडर भिजून जमिनीत हातभर उतरली. चार वर्षं त्या गोदामाच्या आसपास गवताची काडी उगवली नाही.

चौऱ्याऐंशी साली वरून पत्र आलं. ती माती खणून एखाद्या जुन्या खदानीत गाडा, पण आधी तपासून घ्या आणि जिथं गाडाल तिथल्या लोकांची संमती घ्या. खदान सापडली खापरवाडीची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून पडलेला तो खड्डा. गावाची विहीर पार दुसऱ्या अंगाला, म्हणून गावानं एका चहात संमती दिली. खदानीच्या खाली दोनशे पावलांवर बौद्ध वस्तीचा आड होता. तिथली संमती द्यायची दगडाबाईनं. वयानं साठीची, अंगानं काटकुळी. वस्ती तिच्या शब्दाबाहेर जात नसे.

मी प्रयोगशाळेचं कार्ड घेऊन गेलो. त्यांनी मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश मोजून 'सुपीक' असा शेरा मारला होता. दगडाबाईनं सुनेकडून ते वाचून घेतलं.

"ह्यात इखाचा रकाना कुठाय?"

"विषाचा रकाना नसतो, मावशी."

"मंग ह्यो कागद कशाचा? चुलीचा?" तिनं कार्ड परत दिलं. "ह्याच खदानीत म्या खडी फोडलीय, अप्पा. पाणी कुठनं कुठं झिरपतं ते माज्या टाचंला म्हाईत हाय. मडक्यात तुमची माती घालू, जवारी पेरू. नऊ दिसात उगवली तर आणा."

"घट बसवता होय?" मी हसत विचारलं. त्या वस्तीनं छप्पन सालीच देवी, घट, सगळं सोडलेलं.

"देवीचा न्हाय, मातीचा. देव सोडले, अक्कल न्हाय सोडली."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गोदामात आली. पायाच्या अंगठ्यानं पाच जागा दाखवल्या. "हितनं. हितनं. त्या कोपऱ्यातनं." हातभर खोल उकरून माती काढली, जुन्या लुगड्याच्या पिशवीत भरली आणि गाठ मारली. ती डावखुरी होती. गाठ उलट्या पिळाची बसली. यष्टी आली, पण वासानं कंडक्टर पिशवी चढू देईना. शेवटी तिनं ती माझ्या हातात दिली.

"उद्या तुमच्या फटफटीवर आणा. तुमी तळ दाखवणारा मानूस."

ती गेली. मी पिशवी घेऊन गोदामाच्या पायरीवर बसलो. ह्या मातीत काही उगवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग खदान मिळणार नाही, तपासणी येईल, गळके पत्रे निघतील, आणि तीस वर्षांची अब्रू श्रीपतीच्या तीन वाक्यांत जाईल. मी उठलो. गोदामामागच्या ओढ्यात पिशवी उलटी केली, झटकली. माझ्या मळ्यातली काळी माती तिच्यात भरली. आणि वास यावा म्हणून चिमूटभर पावडर पिशवीला बाहेरून चोळली. बघा, अक्कल कुठं चालते माणसाची.

गाठ मात्र माझ्या हातची बसली, उजवी. म्हटलं, गाठ कोण बघतंय.

तिनंच बघितली. गाठीवरून अंगठा फिरवला. "गाठ..."

"सुटली होती वाटेत. मी बांधली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी बांधली व्हय. मंग झालं."

नवव्या दिवशी मडक्यात वीतभर ज्वारी उभी होती. दगडाबाईनं कागदावर अंगठा दिला. ट्रॉलीच्या अकरा खेपा झाल्या, खदान भरली.

त्या साली पाऊस बरा झाला. आषाढात आडाच्या पाण्यावर बेडकं उलटी तरंगायला लागली. वस्ती कुजबुजली. दगडाबाई म्हणाली, "अंगटा म्या दिलाय. आदी म्या पिणार." रोज सकाळी आडाच्या काठावर सगळ्यांदेखत ती तांब्याभर पाणी प्यायची. श्रावणात तिचे हात कापायला लागले. भादव्यात ती गेली. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं. मी मयताला गेलो, चार चांगले शब्द बोललो. लोक तेच पाणी पीत राहिले. आणि मी गप्प राहिलो.

तर त्या आठव्या माळेच्या दुपारी मी गोदामात पाऊल टाकलं.

उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या सुया येत होत्या. जमीन खणून हातभर खाली गेलेली, तळाशी पावडरीचा पांढुरका थर. काटा मागच्या भिंतीला होता. मी दोन पावलं टाकली आणि पायाला काहीतरी ओलं, मऊ लागलं.

ज्वारी होती.

दीड वीत उंच, पिवळी-पांढरी, घटातल्या धनासारखी. चार महिने बंद असलेल्या अंधारात, त्या मातीत. एक झुबका माझ्या पायाशी. दुसरा तीन हातांवर. तिसरा त्या कोपऱ्यात... मी मोजले. पाच होते. अंगठ्यानं दाखवलेल्या जागा मला विसरता आल्या नव्हत्या.

मग तो आवाज आला. अगदी बारीक. मातीवर दाणा पडल्यासारखा. टप्. थांबून पुन्हा, टप्. कुणीतरी सावकाश, एकेक दाणा पेरत होतं. आवाज काट्याच्या मागून येत होता.

"कोण आहे?" मला वाटलं मी मोठ्यानं विचारलं. ओठसुद्धा हलले नसावेत.

दाणे थांबले.

"अप्पा..." आवाज हलका होता, बाजारात भाव विचारावा तसा. "उगवलं का?"

मी उभा जन्म उत्तरावर जगलेला माणूस. गिऱ्हाईक कसंही येऊ दे, माझ्याजवळ उत्तर तयार. त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "उगवलं... मावशी."

पत्रे उन्हानं तडतडले.

"मंग... प्या की."

काटा तिथंच राहिला. कुलूप लावलं की नाही, आठवत नाही. घरी आलो तर बायको घटासमोर डोळ्याला पदर लावून बसलेली. घटातही माझ्याच मळ्यातली माती, दगडाबाईच्या मडक्यात वीतभर ज्वारी उगवणारी तीच. आठ दिवस झाले, परडीत एकही कोंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खापरवाडीला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो. वाक्यसुद्धा जुळवलं होतं, 'मी माती बदलली.' तीन शब्द. वस्तीत धम्मचक्र दिनाची तयारी चाललेली, निळे झेंडे, पताका. दगडाबाईची सून बनाबाई दारात आली, घोंगडी अंथरली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला.

ऊन रणरणत होतं, घसा कोरडा पडलेला. मी तांब्याकडं बघत राहिलो. पाण्याला वास होता. इतका बारीक, की ज्याला ठाऊक आहे त्यालाच येईल.

"घ्या की, अप्पा."

"नको. तहान नाही."

बनाबाईचा चेहरा हळूहळू बंद झाला. आजूबाजूच्या चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आजून आमचं पानी चालत न्हाय व्हय, अप्पा?" ती म्हणाली. रागानं नाही. जुनंच काहीतरी पुन्हा सापडल्यासारखी. "आत्या तर म्हणायच्या, अप्पा तसले न्हाईत."

आत्या म्हणजे तिची सासू, दगडाबाई.

आता ऐका, कारण ह्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय. त्या घडीला माझ्यापुढं दोन वाटा होत्या. पाणी प्यायचं, नाहीतर खरं सांगायचं. मी तिसरी काढली. मान खाली घातली. विटाळ मानणारा माणूस, अशी त्यांची समजूत झाली आणि मी ती तशीच राहू दिली. खोटी वानगी देणारा म्हणवून घेण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं. आम्हा लिंगायतांचे बसवण्णा आठशे वर्षांपूर्वी जो विटाळ पुसून गेले, तो त्या दुपारी मी स्वतःच्या कपाळावर लावून घेतलं. आडोसा म्हणून.

उठलो तेव्हा बनाबाई आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. जुन्या लुगड्याची.

"ही न्या. आत्या सांगून गेल्यात, सौदा झाला की वानगी धन्याला परत द्यायची असती. अप्पा कधी आले तर द्या."

ती आमच्याच धंद्यातली रीत. मी पिशवी घेतली. फटफटीला अडकवली. दुकानात येऊन फळ्या लावून घेतल्या आणि मग बघितलं. गाठ उलट्या पिळाची होती. सोडली. आत ओलसर, पांढुरकी माती, आणि तो वास. जी मी माझ्या हातानं ओढ्यात ओतली होती, तीच. पाची जागांची.

तिनं नंतर पुन्हा येऊन ती काढली असेल, असं मी मनाला बरेच दिवस सांगितलं. मग अंगठा का दिला? आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी कशासाठी प्यायली? मी येऊन सांगेन, ह्याची वाट बघत होती का?

दिवाळीच्या आत खटपट करून मी वस्तीत हातपंप बसवून घेतला, आडावर फळ्या ठोकून घेतल्या. कुणी विचारलं तर 'गाळ फार झालाय' म्हटलं. वस्तीनं मला नारळ दिला. बनाबाईनं हातपंपाचं पहिलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि माझ्यापासून दोन हात लांब, ओट्यावर ठेवलं. माझा मान राखायला.

पिशवी दुकानात खुंटीला आहे. टाकून बघितली, ओढ्यात, खदानीत, एकदा येडशीच्या रानात. दर वेळी सकाळी ती परत खुंटीलाच असायची. आता टाकत नाही. रात्री दुकान बंद करताना मी गाठ सोडतो आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवतो. किल्ली माझ्या करगोट्याला असते, दुसरी कुणाकडं नाही.

सकाळी फळ्या काढतो तेव्हा गाठ बांधलेली असते. आमच्या घरात डावखुरं कुणी नाही.