अदोमाचा तांदूळ

बस असा दिव्याजवळ. पोर झोपलीय, हळू बोलू.

तू शहरात वाढलास, म्हणून सांगते. आमच्या नदीवरच्या भाताला बाईचं नाव असतं. गोऱ्यांच्या मळ्यावरच्या गुलामीतून पळताना जिने ते बी वेण्यांत लपवून रानात आणलं, तिचं. आमच्या घरचा तांदूळ अदोमा. आम्ही तिच्या लेकी, आणि त्याचा आम्हाला तोरा तरी केवढा!

नवा भात आला की घरातल्या थोरल्या मामाने आमच्या एकेका पूर्वज बाईचं नाव घेत भोपळ्याच्या तुंब्यातून जमिनीवर पाणी ओतायचं. शेवटचं घोटभर मात्र नाव न घेता, ज्यांना कुणीच बोलावत नाही त्यांच्यासाठी. मग तुंबा पालथा घालायचा. त्यानंतर बोलावलेलं कुणी येत नाही, आणि आलेलं कुणी परत जात नाही.

ही पोर तान्ही होती, त्या वर्षी सकाळी भात कांडून मी क्वाजानी मामाकडे गेले. स्वारी रम पिऊन खुशीत होती. नावं संपताच त्याने तुंबा पालथा घातला. आतलं पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

"अहो मामा, शेवटचं राहिलं की!"

"राहू दे गं. बिननावाच्या त्या, तक्रार कुणाकडे करणार?"

सगळे हसले. मीही हसले.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी चुलीपाशी होते. माझी लेक बेबुता नदीवर भांडी घासायला गेलेली. तिची तान्ही अफीबा झोळीत टाहो फोडत होती. एकाएकी घरात चिखलाचा वास भरला आणि रडणं मध्येच तुटलं. मूल झोपताना हुंदके देत थांबतं ना, तसं नव्हे. दाबल्यासारखं.

मी वळले. झोळीवर एक बाई वाकली होती. केस मुळापासून कसेतरी कापलेले, मानेवरून पाणी ठिबकत होतं.

"कोण गं तू...?"

"श्श... रडू देऊ नकोस... शिपाई काठावर आहेत..."

मी धावले. झोळीपाशी कुणी नव्हतं. पोर निळी पडलेली. उलटी धरून पाठ थोपटली, तेव्हा कुठे श्वास आला. तिने तोंड उघडलं, चेहरा पिळवटला, डोळ्यांतून पाणी आलं. आवाज तेवढा आला नाही.

पोर घेऊन मी मामाकडे धावले. कापलेल्या केसांचं ऐकताच त्याची झिंग उतरली. तो हळू आवाजात सांगू लागला.

"बी अदोमाचं नव्हतंच... दुसरीच्या वेण्यांत होतं. तिच्या कडेवर तान्हं. सगळे नदीच्या पाण्यात दडलेले. शिपाई काठावर आले नि ते रडायला लागलं. अदोमाने त्याच्या तोंडावर हात दाबला. सगळे वाचले, ते पोर तेवढं... आई त्याला घेऊन पाण्यात बसली, उठेचना. मग अदोमाने तिच्या वेण्या कापून घेतल्या आणि..."

"तिचं नाव काय?"

"कुणी घेतलंच नाही. घेतलं असतं, तर हेही सांगावं लागलं असतं."

आम्ही पुन्हा पाणी ओतलं. तुंबेच्या तुंबे ओतले. पण एकदा पालथा घातलेला तो पालथाच. आणि नाव नसलेल्या बाईला जा तरी कसं म्हणायचं?

अफीबा आता सात वर्षांची आहे. एक शब्द बोलत नाही. बेबुताला बघवेना, ती शहरात निघून गेली. पोरीची वेणी मीच घालते. रोज सकाळी वेणी सोडली की मांडीवर साळीचे दाणे पडतात. लाल टरफलाचे. म्हातारे म्हणतात, पहिलं बी असंच होतं; आता नदीवर हा भात कुणी पिकवत नाही.

आज संध्याकाळी मला राहवलं नाही. वेणी घालता घालता तिच्या कानाशी म्हटलं, "बाळा, तुला ठाऊक आहे ना तिचं नाव? नुसते ओठ हलव. मी गावभर सांगेन गं, अगदी ओरडून सांगेन."

पोर माझ्याकडे पाठ करून बसली होती. दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, मला दिसत होते.

आणि माझ्या तोंडावर कुणाचा तरी ओला हात आला.