रुंद झालेला भांग

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला समोरच्याच्या नाकावरून घसरणारा चष्मा बघवत नाही. त्यामुळे ती रक्त तपासायला गेली, तेव्हा दंडाला पट्टा बांधणाऱ्या लॅबवाल्याचा चष्मा तिने न विचारता वर सरकवला… आणि मगच जीभ चावली.

“सुई माझ्या हातात,” तो हसू दाबत म्हणाला, “आणि धाडस तुमचं!”

“दुकानात या. दांड्या घट्ट करून देते.”

तो आला. मग येतच राहिला… कधी स्क्रू ढिला, कधी काच पुसायचं फडकं हवं. एका माणसाला एवढी फडकी कशाला लागतात, हे तिने मुद्दामच विचारलं नाही.

तिचं थायरॉईड कमी होतं. रोज उपाशीपोटी गोळी, अंगात कायम थंडी, दुपारी पेंग, सगळ्याची सवय झाली होती. केस गळण्याची मात्र होत नव्हती. “भांग केवढा रुंद झालाय गं तुझा!” आत्या म्हणाली, आणि ही आरशासमोर जाऊन उभी राहिली. रक्त घेताना तो समोर उभा राहणार, ही मान खाली घालणार, म्हणजे त्याच्या नाकासमोर काय? भांग! तिने गुपचूप केसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या, चांगल्या जोरकस.

पुढचा रिपोर्ट उलटाच आला. थायरॉईड भलतंच वाढलेलं. डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या.

“धडधड होते? घाम येतो? नवीन काही घेतेस?”

“नाही,” ती तिन्हींना म्हणाली. तिसरं खोटं होतं. केसांसाठी, तेही कुणासाठी… कुठल्या तोंडाने सांगायचं? डॉक्टरबाईंनी गोळीचा डोस निम्मा केला, आणि काही आठवड्यांत ती पार गळून गेली.

एका संध्याकाळी तो आला, तर ती काउंटरवर डोकं टेकून बसलेली.

“तो वाढलेल्या थायरॉईडचा रिपोर्ट तुमचा वाटतच नाही,” तो काळजीने म्हणाला. “खरं सांगा, आणखी काही घेताय?”

“केसांच्या गोळ्या…”

“अहो, त्या गोळ्यांनी कधी कधी थायरॉईडची तपासणीच फसते, नसलेली वाढ दिसते! डॉक्टरांना सांगा ना.”

“त्या कारण विचारतील. काय सांगू, भांग दिसू नये म्हणून?”

“कुणाला?”

“रोज काचा पुसून नेता, तरी दिसत नाही का हो तुम्हाला?”

त्याचे कान लाल झाले. “भांग मी पाहिलाच नाही. तुमचा हात एवढा गार असतो… सुई टोचून झाली तरी धरून ठेवावासा वाटतो.”

सगळं ऐकून डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग खूप हसल्या. केसांच्या गोळ्या बंद, जुना डोस सुरू, दीड महिन्याने पुन्हा तपासणी.

त्या तपासणीच्या दिवशी त्याने रक्त घ्यायला लॅबमधल्या ताईंना बोलावलं. तिचा चेहराच पडला. बाहेर येताच तिने विचारलं, “कंटाळलात मला?”

“पेशंटला चहाला चला म्हणता येत नाही. म्हणून आजपासून तुम्ही ताईंच्या पेशंट.” तो घुटमळला. “चला?”

तिला हसूही आलं आणि भीतीही वाटली. “आणि रिपोर्ट पुन्हा बिघडलेला आला तर?”

“तर दोघं जाऊ डॉक्टरांकडे.”

“त्या विचारतील, हे कोण म्हणून.”

“या वेळी खोटं बोलू नकोस.”

“नाही बोलणार. माझे आहेत म्हणून सांगेन,” ती म्हणाली, आणि आपला गार हात तिने त्याच्या हातात दिला.