जाळीआडचं क्लोव्हर

मिसूरीतल्या त्या डोंगराळ रस्त्यावर डार्लाचा ट्रॅक्टर रमतगमत चालला होता आणि मागे वेस्लीचा पिकअप अडकला होता. शेवटी त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, आज पोचणार का आपण?"

"घाई असेल तर उडून जा!"

ट्रॅक्टरमागची पाटी वाचून तो हसला. 'हरणांच्या चाऱ्यासाठी जमीन तयार करून मिळेल.' हरणं आपल्या रानात यावीत म्हणून इथले शिकारी चारा पेरून घेत. शहरातली नोकरी सोडून तिनं हा धंदा काढला होता, आणि गावानं अजून एकही काम दिलं नव्हतं.

"माझ्या रानात करशील?"

"आधी माती तपासणार. मग बोलू."

माती आम्लधर्मी निघाली. तिनं चुना टाकला, नांगरलं, क्लोव्हर हा हरणांच्या आवडीचा चारा पेरला आणि मधोमध तारेची गोल जाळी उभी केली. वेस्ली रोज कॉफी घेऊन कुंपणाशी यायचा, बघत राहायचा… ट्रॅक्टरकडे नव्हे. तिला कळत होतं. न कळल्यासारखं दाखवणंही तिला छान जमत होतं.

मग काम संपलं. ऑक्टोबरात एका रिमझिमत्या सकाळी त्याचा फोन आला.

"डार्ला, रान बोडकं आहे गं."

पहिलंच काम फसलं, तर दुसरं कोण देणार? ट्रॅक्टर विकून पुन्हा शहर गाठावं लागणार.

ती तशीच धावली. वेस्ली कॉफी घेऊन कुंपणाशीच उभा होता. रान खरंच बोडकं होतं. जाळीच्या आत, जिथं हरणांचं तोंड पोचत नव्हतं, तिथं मात्र क्लोव्हर हिरवंगार माजलं होतं! बाहेरचं सगळं हरणांनी मुळापर्यंत खाऊन टाकलं होतं.

"अरे, उगवलंय! हरणांनी फडशा पाडलाय!"

"माहितीये."

"माहितीये?"

"शिकाऱ्याच्या घरातला आहे मी. जाळी कशाला लावतात, एवढं कळतं."

"मग फोन कशाला केलास?"

"काम संपलं होतं ना… तू कशाला आली असतीस?"

तिला राग आला. अगदी खरा राग. "माझा जीव टांगणीला लागला होता, वेस्ली! बियाण्याच्या दुकानात कुणी ऐकून गावभर केलं असतं तर?"

"दुकानात मी तुझं काम झकास झालंय असंच सांगितलंय. दोघंजण तुझा नंबर मागतायत." तो पायाखालच्या मातीकडे बघत होता. "चुकलंच माझं."

पावसाचे थेंब तारेवरून ओघळत होते. तिचा राग फार टिकला नाही, याचाच तिला जास्त राग आला.

"पुढच्या वेळी थापा नकोत. सरळ 'ये' म्हणायचं."

वेस्लीनं मान वर केली. "ये…"

"आलेय की," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली कॉफी तिनं काढून घेतली.