बियाण्याची सशीण

"पाणी नको. माझं मी आणलंय."

एवढंच बोलला, आणि खांद्यावरच्या पिशवीतून बाटली काढून त्याने दोन घोट घेतले… ताईच्या हातातला भरलेला पेला तसाच हवेत राहिला! चौतीस वर्षांनी धाकटा भाऊ घराची पायरी चढला होता, आणि पहिलं वाक्य हे. बरं, तो आता दिसतो कसा ते बघावं, तर तेही तिच्या नशिबात नव्हतं. दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांच्या नसा वाळत आल्या होत्या. उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं, चेहरा नाही. ज्या तोंडाची वाट बघण्यात तिचं आयुष्य सरलं, ते तोंड आज हाताच्या अंतरावर आलं, आणि तिच्यापुढे नुसता एक करडा डाग! टक्कल पडलं असेल का? राग आला की बापासारखं नाक अजून फुगत असेल का? विचारायचं कुणाला!

वास मात्र आला. चुन्याचा, ओल्या कातड्याचा. कातडी कमावायच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला साबण लागत नाही, तो वास.

"जेवलायस का रे, छोट्या?"

पन्नाशीच्या माणसाला छोट्या! तो कडवट हसला.

"जेवलोय. आणि हे बघ, नर्सबाईंचा फोन आला म्हणून आलोय. उगाच गैरसमज नको."

"मीच केला फोन!" कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या नर्सबाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण दरडावण्यातून नव्हत्या. "परवा हिने कोंबडीच्या मानेऐवजी स्वतःचं बोट कापलं. चार टाके घातले मी. पाचवा जिभेला घालणार होते, पण ही तशीही कुठे बोलते!"

ते खरं होतं. ताई बोलत नसे.

आता हे घर कसं चालायचं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घर दोन खोल्यांचं, पण मागचं अंगण लांबट. त्यात खोकी आणि जाळी ठोकून केलेले सशांचे बारा पिंजरे, कडेला कोंबड्यांचं खुराडं. सशांच्या लेंड्या खालच्या वाफ्यात पडायच्या, वाफ्यातला पाला सशांना, किडे आणि उष्टं-खरकटं कोंबड्यांना, आणि अंडी, मटण, भाजी माणसांना. दुकानातून यायचं ते मीठ, तेल आणि काडेपेटी. बाप होता तो गावातला कारखाना बंद पडला आणि तो काम शोधायला म्हणून गेला तो गेलाच, तेव्हापासून अठरा वर्षांच्या ताईने हे रहाटगाडगं ओढलं. आई छातीच्या आजाराने अंथरुणाला टेकलेली, आणि छोट्या आठ वर्षांचा.

या घराचे दोन नियम होते. पहिला, बियाण्याची सशीण कापायची नाही. कितीही भूक लागो, शेवटची मादी जिवंत राहिली तर सहा महिन्यांत अंगण पुन्हा भरतं. दुसरा नियम जरा खुळा होता. सशीण गाभण आहे हे तोंडाने बोलायचं नाही. ती छातीचे केस उपटून पिलांसाठी गादी करायला लागली, की मगच बोलायचं. बापाने एकदा आधीच फुशारकी मारली होती आणि सगळी पिलं मेलेली निघाली, तेव्हापासूनची ही भीती.

आणि मग ते वर्ष आलं… कोंबड्या आईच्या औषधापायी आधीच विकल्या गेल्या होत्या, त्यात पिंजऱ्यांत रोग शिरला. सकाळी एक गार, संध्याकाळी दोन. रोगाने मेलेलं खायचं नाही म्हणून ताई खड्डे खणत राहिली. शेवटी एकच उरली, ठिपकी. पांढरी शुभ्र, पाठीवर पानाएवढा काळा ठिपका. ती छोट्याची होती. शाळेतून आला की दप्तर फेकून आधी तिच्याकडे. त्याच महिन्यात छोट्याला ताप चढला. वीस दिवसांनी उतरला तेव्हा पोराची नुसती काडी झालेली. डॉक्टर म्हणाले, "आता औषध नको, रस्सा पाजा. नाहीतर हातचा जाईल."

त्या दिवशी छोट्या रस्सा प्याला. दोन वाट्या. "कोंबडीचाय?" विचारलं त्याने, ताईने "हो" म्हणून सांगितलं. चार दिवसांनी भिंत धरून अंगणात गेला… आणि ठिपकीच्या पिंजऱ्याचं दार उघडं!

"कुणी कापली? कुणी?"

आई खाटेवर पांढरीफटक पडली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आणि ताई म्हणाली,

"मी."

बस. त्या एका शब्दावर बेचाळीस वर्षं गेली. आई दोन महिन्यांत गेली. तिला पोचवायला निघालेल्या माणसांतही पोरगं ताईपासून दहा पावलं लांब चालत होतं. ताईने दोन सशिणी मागून आणल्या, अंगण पुन्हा भरलं, पोराला वाढवलं, लग्नाचं वय गेलं ते कधी गेलं तिलाही कळलं नाही. आणि सोळाव्या वर्षी तो निघाला. दारात म्हणाला, "तू माझंच मला खायला घातलंस. हसत घातलंस." आणि गेला. ताई हसली नव्हती हो! रडू दाबलं की तिचं तोंड तसं दिसायचं…

"सामान बांधून ठेव," आत्ता तो सांगत होता. "वृद्धाश्रमात जागा बघितलीय. खाट मिळेल, वेळेवर जेवण मिळेल. पिंजरे आज मोडतो. ससे किती उरलेत?"

"एक."

"एकच?"

"पुन्हा रोग आला. अकरा पुरले. हाताने चाचपून पुरले. एक मादी आहे."

त्याने बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं, मग त्याचाच राग आला बहुतेक, कारण आवाज चढला.

"ठीक आहे. कोपऱ्यावरचा खाणावळवाला घेईल. आत्ताच नेऊन देतो."

त्याची पावलं अंगणात वळली. जाळीची कडी वाजली. ताईला वाटलं, पुन्हा शेवटची मादी, पुन्हा तीच कडी, आणि आपण पुन्हा तोंड मिटून उभ्या! एकदा गप्प बसलो त्याचं काय झालं… एकदाच…

"नको!" ती किंचाळली. "गाभण आहे ती! पोटात पिलं आहेत तिच्या! कापू नको!"

हात जाळीवरच थबकला.

"काय म्हणालीस?"

"गाभण आहे."

"केस उपटलेत?"

"नाही अजून."

"आणि तू बोललीस?" त्याचा विश्वास बसेना. लहानपणी हाच शब्द तोंडून निघाला म्हणून या बाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "तू?"

त्याने कडी लावली, जोरात.

"बरं. तिचा पिंजरा राहू दे आज. बाकीचे मोडतो. पक्कड कुठेय?"

"पत्र्याच्या पेटीत. कोंबड्यांच्या दाण्याशेजारी." तिने सवयीने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. पण तोवर पेटीचं झाकण वाजलं होतं.

मग लोखंडाऐवजी कापड सळसळलं.

"हे काय आहे?"

तिला दिसत नव्हतं, पण दिसायची गरज नव्हती. पेटीत तळाशी, कापडात गुंडाळून ठेवलेलं ते पांढरं कातडं. मीठ लावून तिनेच वाळवलं होतं. टाकवलं नव्हतं आणि दाखवायचं नव्हतं.

"ठेव ते."

"ठिपकीचं आहे."

"ठेव म्हणते ना!"

"हे तू सोललेलं नाही."

ताई तिथेच दाण्याच्या पोत्यावर बसली.

"ताई…" बेचाळीस वर्षांनी तो शब्द आला, आणि त्यालाही कळलं नाही. तो कातड्याकडेच बघत होता. "सोलताना तू सशाच्या पोटाला सुरी लावत नाहीस. एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत एक काप, आणि पायमोजा उलटा करावा तसं सगळं कातडं डोक्याकडे ओढायचं. मला शिकवलंस तू. सात वर्षांचा होतो. त्याच्यावर माझं पोट भरतंय आजपर्यंत, कारखान्यात मला पहिल्या दिवशी ठेवून घेतलं ते तेवढ्यावर. तुझं प्रत्येक कातडं पिशवीसारखं अखंड निघायचं. आणि हे… हे पोटावर उभं फाडलंय. मासा फाडतात तसं."

"छोट्या, जाऊ दे."

"आणि इथे बघ. चीर सरळ आलीय, बेंबीपाशी थांबलीय, मग वाकडीतिकडी गेलीय. रोज शंभर कातडी बघतो मी. इथे हात थांबला. कापणारीने आत काहीतरी पाहिलं आणि हात थांबला… तुझा हात थांबत नाही, ताई. सशाला हात न लावणारी, मासे-कोंबडीच तेवढी साफ करणारी या घरात एकच होती." त्याने कातडं उलटं केलं. "आई होती ना ती? आई?"

कुंपणापलीकडे नर्सबाईंच्या बादलीचा आवाज थांबला. मग त्या घरात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता गेल्या असतील.

"मी घरात नव्हते," ताई शेवटी म्हणाली. "तुझ्या रश्शासाठी कुणी कोंबडी देतंय का बघायला वेशीपर्यंत गेले होते. कुणी दिली नाही. परत आले तर आई चुलीपाशी. उठून बसता येत नव्हतं तिला, आणि भिंतीला टेकत टेकत अंगणात गेली होती बाई! हात कोपरापर्यंत लाल, आणि मांडीवर लुगड्याच्या ओच्यात… सात पिलं. बिनकेसांची, बोटाएवढी. म्हणाली, 'मला सांगितलं का नाहीस गं? मला कुणी सांगितलंच नाही…' तेवढंच पुन्हा पुन्हा."

"आणि तू सांगितलं नव्हतंस."

"नियम होता ना घरचा! केस उपटेपर्यंत बोलायचं नाही. नर मरायच्या आधी मीच तिला त्याच्यापाशी सोडली होती, मला एकटीला ठाऊक. आईला नुसतं कळलं असतं, तर ती थांबली असती… दुसरं काही केलं असतं. म्हणून तू विचारलंस तेव्हा 'मी' म्हणाले. ते सगळंच खोटं नव्हतं रे."

"पण आई काहीच का बोलली नाही? पडल्या पडल्या ऐकत होती ती!"

"तिला नको म्हणून खुणावलं मी. तू तिच्याच कुशीत बसून घास घेत होतास तेव्हा. माझ्यावर रागावलास तरी आई होती तुला. तिच्यावर रागावला असतास तर जेवला नसतास, आणि मग ती सात आणि ती आठवी सगळी फुकट गेली असती."

"मग ती गेल्यावर सांगायचं होतंस! मी मोठा झाल्यावर सांगायचं होतंस! चौतीस वर्षं, ताई! मी तुला शिव्या घालत झोपलोय, कळतंय तुला? एकेक दिवस!"

"मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, छोट्या. तो आत कुजतो. माझ्यावर काढता येत होता. मी होते ना जिवंत."

त्यावर तो जे रडला… पन्नाशीचा, राठ हातांचा, टक्कल पडलेला माणूस (हो, पडलं होतं टक्कल!) ते कातडं तोंडावर धरून आठ वर्षांच्या पोरासारखा हुंदके देत राहिला. ताईने त्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. आधी हवेत गेला, मग खांद्यावर, मग डोक्यावर. चाचपून म्हणाली, "अरे देवा, एकही केस ठेवला नाहीस की रे!" आणि दोघंही रडता रडता हसली, आणि पुन्हा रडली.

पण हरवलेलं आयुष्य काही परत मिळत नसतं. ती पोकळी घरभर तशीच होती.

सकाळी उजाडताना ताईने त्याला हलवलं. "सशीण काय करतेय बघ. मला दिसत नाही."

तो पिंजऱ्याशी उकिडवा बसला. सशीण स्वतःच्या छातीचे केस दातांनी उपटत होती, मूठ मूठ, आणि कोपऱ्यातल्या गवतावर पसरत होती. खालची कातडी गुलाबी, उघडी पडली होती.

"उपटतेय," तो म्हणाला.

ऊन पिंजऱ्यावर आलं तेव्हा त्या केसांखाली वळवळ सुरू झाली होती.

"मेलेली असतील ती काढावी लागतात," ताई म्हणाली. "माझ्या बोटाला टाके आहेत. तुला करावं लागेल."

"माझ्या हाताला कारखान्याचा वास येतो. ती बिथरेल."

"तिच्याच गवतात हात घोळव. शिकवलं होतं ना!"

त्याने हात घोळवले. कोपरापर्यंत. मग अगदी हळू आत घातले.

"सहा गरम आहेत," तो म्हणाला. "एक गार."

"गार काढ. बाकीच्यांवर केस ओढ."

त्याने ते बोटाएवढं पिल्लू तळहातावर घेतलं आणि वाफ्याच्या कडेला खड्डा केला. ताई शेजारी उभी होती, डोळे भलतीकडेच लागलेले. आश्रमाचं नाव कुणी काढलं नाही. पक्कड पेटीत परत गेली होती.

माती लोटून तो उठला, हात धुतले. पिशवी पायरीवर होती, बाटली त्यात होती, अर्धी भरलेली. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"ताई," तो म्हणाला, "पाणी दे गं."

ती चाचपत आत गेली, पेला भरून आणला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं, उरलेलं तिने त्याच्या हाताच्या चार बोटं डावीकडे धरलं. त्याने हात तिकडे नेला, आणि पेला रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.