भरल्याची हाक

वैशाखातल्या बाजाराच्या दिवशी किसनराव सकाळच्या मोटारीनं परतवाड्याला गेले. काम अगदी साधं होतं. पंपाचा पट्टा सांध्यावर उसवला होता, तो चांभाराकडून वादीनं ओवून घ्यायचा, ग्रीसचा डबा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत परतीची मोटार धरायची. बगिच्यात संत्र्याची फळं लिंबाएवढी झाली होती. एक दिवस पाणी चुकलं तर निभावणार होतं; त्याहून जास्त नाही.

ओवून घेतलेला पट्टा खांद्यावर टाकून ते भगवंतरावांच्या दुकानात शिरले. भगवंतराव इंजिनं, पंप, पाइप विकत आणि गिऱ्हाइकांची थट्टा फुकट करत.

"या किसनराव. पण उशिरा आले. श्रावण मिस्त्री तं सकाळीच तुमच्या बगिच्यात गेला."

"माह्या बगिच्यात? काहून?"

"अजी, तुमच्या आशाबाईनं सालदार धाडला होता न. फुटबॉल बदलाचा म्हने." भगवंतराव बाकावर बसलेल्या दोघांकडे पाहून हसले. "तुमचा पंप म्हनजे रुसलेला जावई. रोज सकाळी पयले पाणी पाजा, मंग तो हालते. पाव-अर्धा इंचाचं चामडं, पन या मानसाचा जीव काहून अडकला त्याच्यात, काई समजत नाही बापा."

बाकावरचे दोघे हसले. किसनरावांनी गल्ल्याच्या फळीवर हात टेकला.

"बसवला असंल का आतापावत?"

"झालंच असंल आता. त्याले काय येळ लागते?"

ग्रीसचा डबा फळीवरच राहिला. किसनराव उन्हात निघाले होते.

फुटबॉल म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप. कंपनीच्या कागदावर तिचं नाव फूट व्हॉल्व्ह. खेड्यात तिचा फुटबॉल झाला. ती विहिरीच्या तळाशी पाण्यात असते. आत चामड्याची एक चकती. पाणी वर जाताना ती उघडते, खाली यायला लागलं की मिटते. चामडं झिजलं की पाइपातलं पाणी रात्रभर थेंबाथेंबानं विहिरीत उतरतं आणि सकाळी पंप रिकामा होतो. रिकामा पंप कितीही फिरवा, नुसती हवा घुसळत राहतो. म्हणून आधी वरच्या नरसाळ्यातून तो पाण्यानं भरावा लागतो, मग इंजिन सुरू करायचं.

किसनरावांचं इंजिन अकोल्याहून आलेलं. ते वर टिनाच्या छपराखाली होतं, आणि पंप विहिरीला लागून खणलेल्या दगडी खड्ड्यात, बऱ्याच पायऱ्या खाली. वरून तिरपा पट्टा खाली अंधारात जाई. पंप बसवला त्या दिवशी त्या खड्ड्यात उतरायला एकही गडी तयार झाला नाही. त्यांच्या बायकोनं, मनकर्णेनं, पदर खोचला, डोक्यावर पाण्याचा गुंड घेतला आणि ती उतरली. तेव्हापासून ते काम तिचंच झालं. घागरीहून मोठा तो पितळी गुंड उचलताना ती म्हणायची, "हात लावा जरा." किसनराव खालून हात द्यायचे. मग ती पायऱ्या उतरून दिसेनाशी व्हायची. नरसाळ्यात पाणी पडल्याचा आवाज यायचा, आतली हवा गुडगुडत बाहेर पडायची, पाचसहा गुंड झाले की खालून हाक यायची, "भरला वोऽ!"

किसनराव म्हणायचे, "ये वर." ती हात पुसत वर येईपर्यंत ते हँडल मारत नसत.

मागच्या कार्तिकात मनकर्णा काविळीनं गेली.

दिवसपाणी झाल्यावर किसनराव पहिल्यांदा एकटे बगिच्यात गेले, तेव्हा गुंड त्यांनी स्वतः भरून घेतला होता. पायऱ्यांच्या तोंडाशी ते थबकले. खाली कोणीतरी पंप भरत होतं. पाणी पडत होतं, हवा गुडगुडत होती. थोड्या वेळानं सगळं शांत झालं. खाली उतरून पाहिलं तर नरसाळं काठोकाठ भरलेलं आणि आजूबाजूचा दगड ओला. माणूस कोणी नव्हतं.

एकदा त्यांनी संध्याकाळी खालचा स्क्रू सोडून पंप मुद्दाम पुरता रिकामा केला. सकाळी तो भरला गेला. मग परत त्यांनी परीक्षा घेतली नाही. तो आवाज सुरू असताना खाली डोकावलेही नाहीत. पूर्वीही ते डोकावत नसत. सगळं पहिल्यासारखंच चाललं होतं, फक्त हाक येत नव्हती. ते हँडलवर हात ठेवून वाट पाहत. एकदा, फक्त एकदा तिनं 'भरला वो' म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. म्हणून मिस्त्री बोलावणं ते हिवाळाभर आणि उन्हाळाभर ढकलत आले होते.

ते पोचले तेव्हा श्रावण मिस्त्री विहिरीवर हात धूत होता. जवळ आशाबाई, किसनरावांची थोरली बहीण. भावजय गेल्यापासून घर तीच पाहायची.

"झालं मालक," श्रावण म्हणाला, "आता पंपाले पाणी पाजाचं कामच नाही."

"जुनी चकती कोठी आहे?"

"तिच्या चिंध्या झालत्या. तुमच्या सालदारानं नेली. वहाणेच्या टाचेले लावतो म्हने."

आशाबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"मिस्त्री आनला किसना, चोर नाही आनला. तोंड असं काहून केलं?"

"मले इचारलं असतं बाई."

"इचारून इचारून दात पडाची पाळी आली माही."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव इंजिनाजवळ जाऊन बसले. खाली काही आवाज नव्हता. पंप भरलेला होता, कारण आता तो भरलेलाच राहणार होता. त्यांनी हँडल मारलं, पाणी धो-धो आलं, दांडातून झाडांकडे पळालं. तिसऱ्या दिवशीही तसंच, आठवड्यानंही तसंच. आता मनकर्णा खाली येऊन गेली की नाही हे कळायला वाटच उरली नव्हती. ती आली तरी तिला करायला काय होतं? नरसाळ्यात ती डोकावून पाहत असेल, पाणी दिसत असेल, आणि गुंड तसाच घेऊन परत जात असेल. भाकर खाताना, बैलांना पेंड घालताना हे चित्र किसनरावांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

एका भर दुपारी ते विहिरीत उतरले.

वऱ्हाडातली ती दुपार. पाखरू बोलत नव्हतं. गडी झाडांखाली तोंडावर दुपटं घेऊन पडले होते, सातपुडा उन्हाच्या धुरात विरून गेला होता. विहिरीचं पाणी छातीपर्यंत उतरलेलं होतं. किसनरावांनी पाण्याखाली हात घालून झडपेचे बोल्ट सोडवले, खालची जाळी काढली, नवी कोरी चकती ओढून बाहेर घेतली आणि विहिरीच्या कपारीत ठेवली. वर पाइपातलं पाणी एकदम खाली कोसळलं. पंपानं मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज झाला.

वर येऊन ते टिनाच्या सावलीत, इंजिनाला टेकून बसले. धोतर अंगावरच वाळत होतं. खड्ड्याच्या तोंडातून ओल्या दगडाचा आणि क्रूड तेलाचा वास येत होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग खाली गुंड टेकल्याचा आवाज आला. आणि नरसाळ्यात पाणी पडू लागलं.

किसनरावांनी डोळे मिटले. एक गुंड... दुसरा... पाण्याचा तो ओळखीचा, घाई नसलेला आवाज. त्यांनी हँडलवर हात ठेवला.

पाचसहा गुंड झाले. पाणी पडतच होतं.

हवा गुडगुडत नव्हती. गुंड रिकामा होई, थोडा वेळ जाई, आणि पुन्हा भरलेला गुंड दगडावर टेके. पुन्हा पाणी. पुन्हा. आता ते घाईनं ओतलं जात होतं. मधूनच गुंड कशाला तरी आपटत होता. आणि पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता... दम लागलेल्या माणसाचा.

तेव्हा किसनरावांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. चामडं झिजलेलं असलं तरी ते पाणी काही वेळ तरी धरून ठेवतं. चामडंच नसेल तर वरून ओतलेला थेंब न थेंब सरळ विहिरीत जातो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण तिच्या येण्यापुढं त्यांना दुसरं काही दिसलंच नव्हतं. हा पंप आता कधीच भरणार नव्हता. आणि भरल्याशिवाय ती थांबणार नव्हती.

"राहू दे..." ते खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाले. "पुरे झालं. राहू दे..."

पाणी पडत राहिलं.

"मनकर्णे!"

आयुष्यात त्यांनी तिचं नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. खाली क्षणभर थांबल्यासारखं झालं. मग पुन्हा गुंड टेकला.

किसनराव धावले. विहिरीच्या पायऱ्या उतरताना घसरले, गुडघा फुटला. कपारीतली चकती घाईनं ओढली ती ओल्या बोटांतून निसटून पाण्यात गेली. बुडी मारली, चिखल चाचपला, हाती लागली नाही. वरून ओतलेलं पाणी पाइपाच्या उघड्या तोंडातून सारखं बाहेर येत होतं. त्यांनी पाण्याखाली हात घातले आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून ते तोंड दाबून धरलं.

आधी तळहाताला नुसता झोत जाणवला. मग तो थांबला. मग हळूहळू वजन येऊ लागलं. पाइपात पाणी चढत होतं तसतसा भार वाढत होता. दंड थरथरू लागले. हे वजन त्यांच्या हातांच्या ओळखीचं होतं. गुंड उचलताना ती 'हात लावा' म्हणायची, तेव्हा खालून द्यावा लागायचा तेवढाच हा भार होता. ते तसेच गुडघे वाकवून, हनुवटीपर्यंत पाण्यात उभे राहिले. वर कुठंतरी हवा गुडगुडली.

आणि दगडी भिंतीपलीकडून हाक आली.

"भरला वोऽ!"

थकलेली होती. पण तिचीच होती.

कधीपासून ही हाक त्यांना हवी होती. तिला उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर दिल्याशिवाय ती त्या अंधारातून वर कशी येणार?

"ये वर," ते म्हणाले. "ये... आता नको भरू."

खड्ड्याच्या पायऱ्यांवर ओली पावलं वाजली. एकेक पायरी, सावकाश. वर आली. विहिरीच्या काठाशी येऊन थांबली. किसनरावांनी मान वर केली. विहिरीच्या तोंडाएवढं पांढरं आभाळ होतं, दुसरं काही नव्हतं. पण काठावरून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे, हे त्यांना उन्हाइतकं स्पष्ट कळत होतं. हात सोडावेत की नाही, त्यांना समजेना.

"किसना! ए किसना!" लांबून आशाबाईची हाक आली, आणि काठावरचं ते जे काही होतं, ते गेलं.

हातातलं बळ सरलं. तळवे सुटले तसं पाइपातलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर उसळलं. विहिरीचं पाणी कोमट होतं. हे गार होतं. त्याला वाळ्याचा वास होता, घरच्या माठातल्या पाण्याला असतो तसा.

आशाबाई काठावर वाकली. तिचा चेहरा उतरला होता.

"तू अठी काय करून राहिला? घरात पेवाले थेंब नाही रे. म्या सकाळीच माठ भरला, रांजण भरला, दोनी गुंड भरले. कोरडे ठन! न्हानीतलं घंगाळ कोरडं. देवापुढची गडवी... तेही कोरडी. कोनं नेलं सगळं?"

किसनराव वर आले. बहिणीच्या खांद्याला धरून ते बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आशाबाई पदरानं त्यांचं डोकं पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परतवाड्याहून नवी चकती आणली. भगवंतराव थट्टा करायला तोंड उघडत होते, पण किसनरावांकडे पाहून चकती कागदात गुंडाळू लागले. श्रावण मिस्त्री येतो म्हणाला, त्याला त्यांनी नको सांगितलं. आपल्या हातानं चकती बसवली, बोल्ट आवळले, आणि पाण्याखाली त्या झडपेवर थोडा वेळ नुसता हात ठेवून उभे राहिले.

त्यानंतर खड्ड्यातून कधी आवाज आला नाही. पावसाळा चांगला गेला. फळ बऱ्यापैकी पोसलं.

कार्तिकात तोडा सुरू झाला. मनकर्णेचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं. व्यापाऱ्याची माणसं कात्र्या घेऊन झाडांत शिरली, टोपल्या भरू लागल्या. घरापासून विहिरीपर्यंत जी पायवाट जाते, तिच्या दोन्ही अंगांना संत्र्याची एकेक ओळ आहे. त्या ओळींवर आल्यावर तोडणारी जमुना थांबली. तिनं एक फळ हातात तोललं, दुसरं तोललं.

"मालक, हे असं हलकं काहून लागून राहिलं?"

किसनरावांनी फळ घेतलं. रंग उत्तम होता, साल तुकतुकीत होती, पण हाताला वजन नव्हतं. नखानं सोललं. आतल्या फोडी जागच्या जागी होत्या, कापसासारख्या पांढऱ्या, त्या दुपारच्या रांजणासारख्या पार कोरड्या. पलीकडच्या ओळींतली झाडं रसानं वाकली होती. वाटेला लागून असलेल्या झाडांची खालची फळं मात्र एकूण एक तशीच निघाली. शेंड्याची नव्हेत; डोक्यावर गुंड घेऊन चाललेल्या बाईच्या हाताला जाता जाता लागतील, त्या उंचीपर्यंतची.