‘ठेव’वरचा हुंदका

कोल्हापूरच्या ध्वनिसंग्रहालयात चहा आला, तेव्हा शैलाताई केंकरेंच्या आधी मेधाने कप उचलून त्यावर फुंकर घातली. नणंद-भावजयीचं हे कायमचंच. गाणाऱ्या बाईचा घसा भाजला म्हणजे!

आज ‘जाताना दिवा ठेव’ या गाण्याचे थर सुटे व्हायचे होते. सिनेमा साफ आपटला होता, पण गाणं घरोघरी वाजलं, आणि वाजलं ते एका जागेमुळे. शेवटच्या ‘ठेव’वर शैलाताईंचा आवाज किंचित चिरतो, हुंदका येतो येतो म्हणता मागे फिरतो. त्या हुंदक्यावर त्यांचं अख्खं नाव उभं होतं.

यंत्राचं नाव स्तरवेचक. जुन्या चुंबकीय फितीवर मिसळलेले आवाज ते तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायचं आणि प्रत्येक गळ्याचा श्वासठसा ओळखायचं. दोन सुरांमध्ये माणूस हवा कशी ओढतो, त्याची ही खूण. आवाज म्हातारा होतो, ती सवय होत नाही. खोलीतल्या माणसांचे ठसे आधी घ्यावे लागत. ओवी या तरुण तंत्रज्ञ मुलीने दोघींचे घेतले.

सतार बाजूला झाली, व्हायोलिनं गेली, उरला नुसता गळा. पडद्यावर शैलाताईंची निळी रेघ धावत होती. शेवटच्या ‘ठेव’वर ती तुटली आणि तिथे हिरवी उमटली.

“बिघडलंय तुझं यंत्र,” शैलाताई म्हणाल्या.

ओवीने पुन्हा लावलं. पुन्हा हिरवीच. “ताई, इथे दुसरं कुणीतरी गातंय,” ती घुटमळली, “आणि ते या खोलीत आहे.”

शैलाताईंच्या पायाखालची जमीनच सरकली. मेधा! गाण्याचा कच्चा नमुना तेव्हा मेधा गायची. मुख्य गायिकेचं गाणं झालं की नमुना पुसायचा, अशी रीत. शैलाताई त्या दिवशी तापाने फणफणल्या होत्या. ‘झकास झालं, घरी जा,’ असं म्हणून संगीतकार सामंतांनी त्यांना पाठवलं, आणि मागाहून त्यांचा एक शब्द पुसून तिथे नमुन्यातला मेधाचा बसवला असणार.

“तुला ठाऊक होतं?”

“पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच.”

“आणि इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?”

“वहिनी, रेडिओवर ऐकून तू ढसाढसा रडलीस. ‘एवढं चांगलं मी गायले?’ म्हणालीस. मग मी काय बोलणार होते?”

शैलाताईंना संताप आला, आणि संतापापेक्षा लाज जास्त वाटली. जन्मभर रियाजात नणंदेची नक्कल घोटली, तीही तिच्याच समोर! आणि ही बया शेजारी बसून तंबोरा छेडत होती.

“उद्या गाणं लोकांसाठी खुलं होणार,” ओवी हळूच म्हणाली. “त्या जागी नाव कुणाचं घालू?”

“वहिनीचंच,” मेधा म्हणाली.

“गप्प बस गं! मेधा केंकरे असं घाल,” शैलाताई कडाडल्या.

ओवीने नाव घातलं, आणि पडद्याकडे बघता बघता थबकली. हिरव्या रेघेखाली पुसट निळं काहीतरी होतं. “ताई, तुमचा पुसलेला ‘ठेव’ खाली शिल्लक आहे. काढता येईल. ऐकायचाय?”

हजारदा गायलेला तो शब्द नक्कल घोटण्याआधी आपण कसा गायला होता, हे शैलाताईंनी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांनी मेधाचा हात घट्ट धरला.

“वाईट गायले असेन तर सोसेन एक वेळ,” त्या म्हणाल्या. “पण मेधा, चांगली गायले असेन तर काय गं करायचं?”