दुसऱ्या हाकेला दिलेली ओ

बसा, पण आधी जिन्याचं दार ओढून घ्या. उद्या सुट्टी आहे, सकाळी कामावर जायला सित्राची बस कुणाला पकडायची नाही, म्हणून सांगतो. ऐकीव गोष्ट नाही ही. शिवदास आणि मी सतरा वर्षं एका खोलीत काढली, त्याच्या घरात घडलेलं आहे. गेल्या वर्षीची बावीस मे, गुरुवार. अमावास्याबिमावास्या काही नव्हती. पदरचं घालून सांगायची मला सवय नाही.

शिवदास कुडाळचा. त्याचा धाकटा मुलगा प्रशांत इथेच आखातात नोकरीला, सून हॉस्पिटलात. त्यांची मुलगी भक्ती हिला सांभाळायला प्रशांतने आईलाही बोलावून घेतलं, काशीबाईंना. बुदैयाच्या जुन्या वस्तीत, खजुराच्या बागांना लागून घर घेतलं आणि शिवदासही आमची खोली सोडून तिकडे गेला. पण काशीबाई कुडाळला एक नात मागे ठेवून आल्या होत्या. थोरल्याची मुलगी, विशाखा. नऊ वर्षांची होईपर्यंत आजीच्या कुशीत झोपलेली. आजी तिला नावाने कधी हाक मारायची नाही, 'बाय' म्हणायची.

चौदाव्या वर्षी, मेच्या सुट्टीत, विशाखा पहिल्यांदा इथे आली. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "बाय..."

"ओ," म्हणत विशाखा धावली.

काशीबाई हसल्या. "तुका नाय गो विशाखा. भक्तीक हाक मारलंय."

त्यांना काय कल्पना! पण पोरीच्या काळजात काटा मोडला तो मोडलाच. आपली हाक, जिवंतपणी, दुसरीला देऊन टाकली. भक्ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आजीने केलेल्या घावनांना नाक मुरडायची, तरी आजीचा जीव तिच्यातच. आजी भक्तीची वेणी घालायला बसली की विशाखा उठून दुसऱ्या खोलीत जायची. नुसता जळफळाट. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, असं शिवदास सांगतो.

तर त्या गुरुवारी मगरीबची बांग झाली. साडेसहा वाजत आले असतील. काशीबाई म्हणाल्या, "बाय, कोपऱ्यावरसून खुबूस घेवन ये गो."

"फाइव्ह मिनिट्स, आजी." भक्तीने मोबाइलमधून मान वर केली नाही.

विशाखा उठली. "मी हाडतंय."

"तुका वाट म्हायत नाय. काळोख पडता हा."

"म्हायत आसा माका." आणि चपला घालून निघाली. एवढ्या एका कामात तरी भक्तीपेक्षा सरस ठरायचं होतं तिला. काशीबाई मागून ओरडल्या, "ध्यानात आसा मां? तिसऱ्या हाकेशिवाय ओ देव नको."

हे तुम्हालाही घरी सांगितलं असेल. दिवेलागणीनंतर बाहेर कुणी हाक मारली तर पहिलीला गप्प, दुसरीला गप्प. चकवा दोनच हाका मारतो. तिसरी मारतं ते आपलं माणूस. हसू नका रे, आखातात कुठला चकवा म्हणून. आपण व्हिसा काढून येतो, त्याला तोही लागत नाही.

खुबूस मिळाला. गरम रोट्यांचा गठ्ठा छातीशी धरून ती परत फिरली. डावीकडे बागेची भिंत, उजवीकडे बागेची भिंत, पुढे निळी पाण्याची टाकी. टाकीपाशी वळली. पुन्हा भिंत, पुन्हा भिंत... आणि निळी टाकी. आपणच चुकलो असं म्हणून उलट गेली. परत टाकी. जवळ फोन नाही, रस्त्यावर माणूस नाही. हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, पण तिकडे जायला गल्ली सापडेना. खुबूस गार झाला.

मग गाड्यांचा आवाज थांबला.

एसींची घरघर थांबली.

भिंतीपलीकडून, खजुरांतून, आजीचा आवाज आला.

"बाय..."

विशाखा जागच्या जागी उभी. ओठ घट्ट. एक.

काहीच नाही... कितीतरी वेळ काहीच नाही.

"गो बाय..."

दोन.

आता फक्त थांबायचं होतं. तिला कळत होतं. पण मनात काय आलं माहीत आहे? हरवले मी, आणि आजी हाक मारतेय भक्तीला. मला शोधायलाही कुणी नाही. आणि दुसरा विचार त्याहून वाईट... मी तिसरीपर्यंत थांबले, आणि तेवढ्यात भक्तीने ओ दिली तर?

हाक मूळची माझी आहे.

"ओ," विशाखा म्हणाली.

भिंतीपलीकडे कुणीतरी हळूच श्वास आत घेतला. खाऊ मिळाल्यावर पोर घेतं तसा.

एसी सुरू झाले. गाड्या सुरू झाल्या. वीस पावलांवर घर होतं. दारात काशीबाई, शिवदास, भक्ती. काशीबाई धावत आल्या, पोरीला कवटाळलं, हुंदका फुटला. "मी हाक मारूकच नाय गो... घाबरान तोंडातसून आवाजच फुटना... खंय गेल्लंस गो बाय माझ्या?"

बाय. पाच वर्षांनी. विशाखाने तोंड उघडलं...

"ओ."

आवाज विशाखाचाच होता. आला मात्र बागेतून.

चौघांनी ऐकला. भक्ती आजीच्या पदराआड गेली. "ताई... हू इज दॅट?"

विशाखा जूनमध्ये कुडाळला गेली. हाक मारली की 'काय' म्हणते, 'आले' म्हणते. ओ देता येत नाही. तोंड उघडतं, पुढे काही नाही. दर गुरुवारी आजीला फोन करते. सुरुवातीला काशीबाई तासभर बोलायच्या. हल्ली बोलतात थोडं, आणि मगरीबची बांग झाली की घाई करतात.

मागच्या गुरुवारी शिवदास शेजारीच बसला होता. काशीबाई फोनवर म्हणाल्या, "थांब हां विशाखा, बाय इली." फोन तसाच चालू ठेवून खिडकीकडे गेल्या. भक्ती आतल्या खोलीत झोपली होती. काशीबाईंनी खिडकी उघडली, मायेने हाक मारली.

तिकडे कुडाळला विशाखाने फोन कानाशी दाबून धरला होता. तिला ऐकू आलं... स्वतःच्या आवाजात... खिडकीच्या अगदी जवळून...

"ओ."